जन्ममृत्यूची वही

महाराष्ट्रातील कोणत्याही सरकारी कचेरीत जाऊन जुन्या सेवापुस्तकांतील जन्मतारखांचा रकाना वाचीत गेले, तर एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. १ जून या एकाच दिवशी जन्मलेली माणसे तेथे इतकी भेटतात की, विधात्याची या तारखेवर विशेष मर्जी असावी असे वाटू लागते. खुलासा अगदी साधा आहे. शाळा जून महिन्यात उघडत. नातवाला घेऊन आलेल्या आजोबांना मास्तर विचारीत, "जन्म केव्हाचा?" आजोबा सांगत, "थोरला पूर आला त्या साली, पोळ्याच्या आधी." मास्तर मुलाला एकवार आपादमस्तक न्याहाळीत, मनाशी सहा वर्षे मागे मोजीत आणि १ जून ही तारीख लिहून मोकळे होत. उत्तर हिंदुस्थानात हाच मान १ जुलैला किंवा १ जानेवारीला मिळाला. पुढे त्या मुलाची परीक्षा, नोकरी, बढती आणि निवृत्ती ही सारी त्या एका तारखेवर उभी राहिली. सरकारी नियम असा की, महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून दर साली ३१ मे रोजी आमच्या कचेऱ्यांतून हारतुऱ्यांची एकच गर्दी उसळते.

या विनोदाच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. एखादा मनुष्य जन्माला आला, अमक्या दिवशी, अमक्या गावी, अमक्या आईबापांच्या पोटी आला, हे राज्याला कसे कळावे? आणि तो गेला तर तेही कोणी, कोठे लिहून ठेवावे? या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे नागरी नोंदणी होय.

पुष्कळांच्या मनात या नोंदणीची आणि जनगणनेची गल्लत असते. जनगणना ही दिवाळीच्या सुमारास दुकानातील मालाची मोजदाद करावी तशी आहे. १८८१ पासून २०११ पर्यंत आपल्याकडे ती दर दहा वर्षांनी न चुकता झाली; २०२१ ची राहिली आणि पुढची मोजणी २०२७ साली घेण्याचे ठरले. नोंदणी म्हणजे त्याच दुकानाची रोजकीर्द. आले ते त्याच दिवशी जमेस, गेले ते त्याच दिवशी खर्ची. मोजदाद चुकली तर दहा वर्षांनी पुन्हा करता येते. रोजकिर्दीतील न लिहिलेली ओळ मात्र मागाहून लिहायची म्हटली की तिच्या खरेपणाविषयी शंका सुरू होतात.

आपल्या देशात या रोजकिर्दीचा आरंभ नागरिकाला दाखला मिळावा म्हणून झाला नाही. तो रोगराईच्या भयातून झाला. पटकी, देवी आणि ताप यांनी लष्कराच्या छावण्या व गावे ओस पडत, तेव्हा माणसे कोठे आणि किती मरतात हे आरोग्यखात्याला हवे होते. वऱ्हाडात १८६६ साली ही नोंद सुरू झाली, आणि तिच्या पाठोपाठ पंजाब व संयुक्त प्रांत यांत. बंगालने १८७३ साली स्वतंत्र कायदा केला. १८८६ साली सबंध हिंदुस्थानासाठी एक कायदा झाला खरा, पण तो ऐच्छिक होता. ज्याला हवे त्याने नोंदवावे. ज्याला गरज वाटत नव्हती, असा बहुजनसमाज अर्थातच बाहेर राहिला.

प्रत्यक्ष वही कोणाच्या हाती होती? मुंबई इलाख्यात गावच्या पाटलाच्या, वऱ्हाड-नागपुराकडे कोतवालाच्या, उत्तरेत चौकीदाराच्या. यांतील कित्येकांना अक्षरओळख नसे. गावात काय घडले ते ध्यानात ठेवून ठाण्यावर सांगायचे आणि तेथल्या कारकुनाने लिहून घ्यायचे, अशी रीत होती. मृत्यूच्या कारणांचे रकानेही मोजकेच होते : पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार, श्वासाचे विकार, अपघात आणि इतर. पटकी व देवी ओळखायला वैद्याची जरुरी नव्हती. बाकी जो कोणी मरे त्याचे अंग शेवटी तापलेले असेच, त्यामुळे 'ताप' हा रकाना भरून वाहत असे. हिवताप, विषमज्वर, क्षय, बाळंतरोग हे सारे त्या एका शब्दाच्या पोटात गेले आहेत, आणि आज कोणालाही ते वेगळे काढता येणार नाहीत.

तरीही या ओबडधोबड वह्यांना तुच्छ लेखू नये. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने देशात किती माणसे नेली याचा अंदाज अभ्यासकांनी ज्यावरून बांधला ती साधने म्हणजे याच गावोगावच्या नोंदी आणि १९२१ ची जनगणना. हे अंदाज सव्वा कोटीच्या आसपासपासून पावणेदोन कोटींच्याही पुढे जातात. एवढी तफावत का? त्या शरदात नोंद करणाराच अंथरुणाला खिळला होता, कित्येक ठिकाणी तोच गेला. ज्या महिन्यात वहीची गरज सर्वांत अधिक, त्याच महिन्यात तिची पाने कोरी, हे दुर्दैव पुढेही अनुभवास आले. त्याचा उल्लेख मी मागाहून करणार आहे.

या वह्यांचे एक उत्तरायुष्यही आहे आणि ते त्या लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल. आमच्या मुलखात जुनी जन्ममृत्यूची वही 'गाव नमुना नंबर १४' या नावाने तहसील कचेरीच्या अभिलेखागारात असते, विदर्भात तिला 'कोतवाल बुक' म्हणतात. जन्मलेल्या मुलाच्या बापाच्या नावापुढे त्यात जातही लिहिलेली असे. २०२३ साली मराठवाड्यात आणि पुढे सर्व राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा ही बासने सोडण्यात आली. बरीच पाने मोडीत, शाई उडालेली, कडा कसरीने खाल्लेल्या. मोडी वाचणारी माणसे शोधून आणावी लागली. पटकीच्या बंदोबस्तासाठी लिहिलेली ओळ शंभर-सव्वाशे वर्षांनी पणतवाच्या दाखल्याचा आधार व्हावी, यात सरकारी दप्तराचा स्वभाव चांगला दिसतो. ते ज्यासाठी लिहितात त्याच कामी येईल असे कधीच सांगता येत नाही, म्हणून ते नीट लिहिलेले बरे.

वयाचा पुरावा नसल्याने कायद्याचे काय होते, हे १९२९ च्या शारदा कायद्याने दाखविले. मुलीचे लग्न चौदा वर्षांच्या आत करू नये असे त्याने ठरविले. त्यापूर्वी वऱ्हाडातील मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली संमतिवयाची चौकशी करण्यासाठी समिती बसली होती. मुलीचे वय सिद्ध कसे करायचे हा प्रश्न तिच्यापुढेही उभा होताच. वर्षांचा आकडा कायद्यात घालणे सोपे, पण ती वर्षे मोजायला जेथून सुरुवात करायची ती तारीखच ज्या देशात नाही, तेथे कायदा पंचांच्या तोंडी साक्षीवर लोंबकळत राहतो.

१९४६ साली भोर समितीने आरोग्यव्यवस्थेविषयी अहवाल दिला. त्यात जन्ममृत्यूच्या आकडेवारीसाठी मध्यवर्ती महानिबंधक नेमावा, अशी शिफारस होती. स्वातंत्र्यानंतर १९६० साली हे काम आरोग्यखात्याकडून काढून महानिबंधकांच्या कचेरीकडे आले आणि १९६९ साली जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम संमत झाला. बहुतेक राज्यांत तो १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. त्याने प्रथमच हे सांगितले की, देशात कोठेही, कोणत्याही धर्माच्या मनुष्याचा जन्म आणि मृत्यू नोंदविलाच पाहिजे. वर भारताचे महानिबंधक, राज्यात मुख्य निबंधक, जिल्ह्यात जिल्हा निबंधक आणि तळाशी ज्याच्या हाती प्रत्यक्ष वही आहे तो निबंधक, अशी ही साखळी आहे. आमच्याकडे खेड्यात हा शेवटचा दुवा म्हणजे ग्रामसेवक, शहरात नगरपालिकेचा किंवा महानगरपालिकेचा आरोग्याधिकारी.

खबर कोणी द्यायची हे कायद्याने बारकाईने सांगितले आहे. जन्म घरी झाला तर कुटुंबप्रमुखाने, दवाखान्यात झाला तर तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने, तुरुंगात झाला तर तुरुंगाधिकाऱ्याने, धर्मशाळेत किंवा वसतिगृहात झाला तर तेथील व्यवस्थापकाने. चालत्या गाडीत मूल जन्मले तर गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याने. आणि टाकून दिलेले अर्भक सापडले तर गावच्या मुखियाने किंवा पोलीस ठाण्याच्या अंमलदाराने. हे शेवटचे कलम वाचताना मला नेहमी वाटते की, कायदा करणाऱ्याच्या मनात माणसाविषयी कळवळा असल्याची याहून चांगली खूण नाही. ज्याला कोणीच नाही त्याच्याही जन्माची खबर देण्याचे काम त्याने कोणावर तरी सोपविले आहे.

मुदत एकवीस दिवसांची. आपले बारसे बाराव्या दिवशी, म्हणजे मुदतीत सहज बसावे. पण सूतिकागृह दोन-तीन दिवसांतच खबर पाठवते, तेव्हा बाळाला नाव नसते आणि नोंद नावाशिवायच होते. अशी नोंद पूर्ण कायदेशीर आहे. पुढे वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. दुर्दैवाने नाव घालायचे राहून जाते आणि 'बेबी ऑफ' अमकी असा दाखला हाती घेऊन कॉलेजात जाणारा विद्यार्थी आजही आमच्या खिडकीशी उभा असलेला दिसतो.

येथे, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या श्रोत्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नोंद घडली त्या ठिकाणी होते, राहत्या ठिकाणी नव्हे. आपल्यात पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी जाते. बिऱ्हाड इंदूरला किंवा हैदराबादेत आणि माहेर सातारा जिल्ह्यात असले, तर बाळाची नोंद त्या माहेरच्या गावी किंवा तेथल्या तालुक्याच्या दवाखान्यात झालेली असते. वीस वर्षांनी पारपत्रासाठी दाखला शोधताना मंडळी इंदूरच्या महापालिकेत खेटे घालतात आणि तेथे अर्थातच काही सापडत नाही. मरणाचेही तसेच. खेड्यातला रोगी जिल्ह्याच्या रुग्णालयात दगावला की त्याचा मृत्यू शहराच्या खाती जमा होतो. म्हणून नुसत्या नोंदी मोजल्या तर शहरे मोठी प्राणघातक आणि खेडी फार निरोगी भासतात. आकडेवारी करताना राहत्या जागेनुसार पुन्हा विभागणी करावी लागते ती यासाठी.

मुदत टळली तर तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क, वर्षापर्यंत वरिष्ठाची लेखी परवानगी व स्वसाक्षांकित कागदपत्र, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा हुकूम. पूर्वी हा हुकूम प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा लागे. २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या याच दुरुस्तीने, त्या दिवशी व त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पारपत्र इत्यादींसाठी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरविला आहे. म्हणजे ज्यांची नोंद होईल त्यांचा मार्ग सुकर, ज्यांची राहील त्यांचा पूर्वीपेक्षा बिकट. आणि हे केवळ गैरसोयीचे प्रकरण नव्हे. आपल्या नागरिकत्वाच्या कायद्यात १ जुलै १९८७ पूर्वी येथे जन्मलेला, त्यानंतरचा आणि ३ डिसेंबर २००४ नंतरचा यांना निरनिराळे निकष लागतात. तारीख एक दिवस इकडची तिकडे झाली तर प्रश्न बदलतो.

मग नोंद राहते कोणाची? नोंदणीचे प्रमाण पुष्कळ वाढले आहे, हे निःसंशय. सरकारी अंदाजाप्रमाणे २०१९ साली शंभरातील सुमारे ९२ जन्म आणि तितकेच मृत्यू नोंदले गेले. तथापि नोंदलेल्या मृत्यूंकडे बारकाईने पाहिले तर शंभरांत साठ पुरुषांचे व चाळीस स्त्रियांचे अशी २०२० ची वाटणी निघते. स्त्रिया काही इतक्या कमी मरत नाहीत. पुरुष गेला की सातबाऱ्यावर वारस लावायचे असतात, बँक, विमा, निवृत्तिवेतन ही सगळी दाखला मागतात, म्हणून त्याची नोंद होते. जिच्या नावावर काही नव्हते तिच्या मरणाचा दाखला मागायला कोणी येत नाही. चार दिवसांच्या अर्भकाचे तर बोलायलाच नको. जन्म लिहिला नाही, मृत्यूही लिहिला नाही, आणि ते बाळ सरकारी दप्तरापुरते कधी झालेच नाही.

जी वही अपुरी आहे ती किती अपुरी आहे, हे कसे ओळखायचे? या कोड्याचे उत्तर आपल्याच देशात निघाले आणि ते जगभर गेले. कलकत्त्याजवळ सिंगूर येथील आरोग्यकेंद्राच्या प्रदेशात १९४७ साली एक पाहणी झाली. चंद्रशेखरन हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ आणि डेमिंग हे अमेरिकन, या दोघांनी तिच्यावरून १९४९ साली एक युक्ती मांडली. ती गणिताला भिणाऱ्यालाही समजेल अशी आहे.

समजा, एका भागातील वहीत वर्षाचे ८० जन्म आहेत. वही न पाहता दुसऱ्या माणसाने घरोघर फिरून चौकशी केली आणि त्याला ९० जन्म आढळले. दोन्ही याद्या ताडून पाहता ७२ नावे दोहोंत निघाली. म्हणजे घरोघर सापडलेल्या ९० पैकी ७२, अर्थात शंभरी ८०, वहीत होते. वही शंभरातील ८० जन्म पकडते आणि तिच्यात ८० आहेत, तेव्हा खरे जन्म १०० असले पाहिजेत. याद्यांत मिळून ९८ दिसतात. उरलेले २ दोघांच्याही हातून निसटले. न दिसलेल्यांची मोजणी दिसलेल्यांवरून करणारी ही युक्ती मला फार मोहक वाटते. अट मात्र कडक आहे. दोन्ही शोध एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र हवेत. फिरणाऱ्याने चावडीवर बसून ग्रामसेवकाची वही उतरवून घेतली की दोन्ही याद्या हुबेहूब जुळतात आणि नोंदणी शंभर टक्के असल्याचा सुंदर भ्रम तयार होतो.

याच तत्त्वावर नमुना नोंदणी योजना १९६४-६५ साली प्रयोगादाखल आणि १९६९-७० पासून सर्व देशभर सुरू झाली. सुमारे ८,८०० निवडक गावे व वस्त्या तिच्यात आहेत. तेथला स्थानिक गणक, पुष्कळदा शाळामास्तर किंवा अंगणवाडीची ताई, वर्षभर जन्ममृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक स्वतंत्रपणे घरे पालथी घालतो आणि न जुळलेल्या प्रत्येक नावासाठी पुन्हा त्या दारी जातात. देशाचा बालमृत्युदर १९७१ साली दर हजार जन्मांमागे १२९ होता व २०२० साली २८ झाला, हे आपण छातीठोकपणे म्हणू शकतो ते या योजनेच्या बळावर. परंतु नमुना राज्याचा आकडा देतो. तुमच्या तालुक्यात काय चालले आहे हे तो सांगू शकत नाही, आणि कोणाला दाखलाही देऊ शकत नाही. ती दोन्ही कामे वहीचीच.

आता मघाशी सोडलेला धागा. २०१९ साली देशात ७६.४ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० साली ८१.२ लाख आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या २०२१ साली १ कोटी २ लाख. करोनाने म्हणून जाहीर झालेले मृत्यू २०२१ अखेर पावणेपाच लाखांच्या घरात होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये त्या दोन वर्षांतील जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाख सांगितला. आपल्या सरकारने त्यामागील पद्धतीला हरकत घेतली. या वादात मी शिरत नाही. नोंदणीचे प्रमाण वाढले की नोंदलेले मृत्यूही वाढतात, हा मुद्दा खोटा नाही. पण एका वर्षात एकवीस लाखांची उडी केवळ त्याने पडते असे म्हणणेही कठीण. माझे म्हणणे निराळे आहे. २०२१ चा हा आकडा प्रसिद्ध झाला तो मे २०२५ मध्ये. अंदाजांचे रण माजले होते तेव्हा, ज्या एका वहीने काही निश्चित सांगता आले असते ती बंद कपाटात होती. रोजकीर्द जर चार वर्षांनी उघडायची, तर ती रोज लिहिण्याचा अर्धा उपयोग गेला. गावोगावच्या नोंदी आता संगणकावर होतात आणि राष्ट्रीय संग्रहात जमा व्हाव्यात असे २०२३ च्या दुरुस्तीत आहे. तेव्हा या विलंबाला आता तांत्रिक सबब फारशी उरलेली नाही.

राहता राहिले मृत्यूचे कारण. चौकीदाराच्या 'तापा'ची आपण थट्टा करतो, पण २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी शंभरात साडेबावीसांचेच कारण डॉक्टरच्या सहीने लिहिलेले होते. गोव्यात जवळजवळ सर्वांचे, तर उत्तरेकडील काही मोठ्या राज्यांत शंभरात दहांचेही नाही. आणि जे लिहिले जाते त्यातही 'हृदयक्रिया बंद पडून' हे आपल्या वर्तमानपत्रांचे आवडते कारण शिरते. हृदय बंद पडणे हे मरणाचे कारण नव्हे, ते मरणाचे वर्णन आहे. डॉक्टरने भरावयाच्या नमुन्यात म्हणूनच एकाखाली एक ओळी आहेत. वर तात्कालिक कारण, त्याखाली ते ज्याने उद्भवले ते, आणि सर्वांत खाली मूळ रोग. रक्ताची उलटी होऊन मनुष्य गेला, ती फुप्फुसातील पोकळीमुळे झाली, ती पोकळी क्षयाने पडली. आकडेवारीत जमा धरायचा तो क्षय, कारण लस, औषधे आणि पैसा कोठे पाठवायचा हे त्या तळच्या ओळीवरून ठरते.

२०२३ च्या दुरुस्तीनंतर या कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत मृताच्या जवळच्या नातेवाइकाला देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. ती मागून घ्यावी, आणि मृत्यूच्या दाखल्यावरील नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव व तारीख यांच्याशी तेथेच ताडून पाहावी. चूक त्याच आठवड्यात दाखविली तर निबंधक कागदपत्रे पाहून ती दुरुस्त करू शकतो, आणि खबर देणाऱ्यास पहिला उतारा विनामूल्य मिळतो.